ऐकू आलेला वटवट्या मोजायचा की नाही? (ऑक्टोबरच्या सकाळची पक्षीमोजणी)

टेकडीवाली | रविवार, सकाळी ११:०५

आत्ताच वेताळ टेकडीवरून आले. चहा घेतला आणि थेट लिहायलाच बसले, कारण डोक्यात एक प्रश्न घोळतोय.

पाऊस परतला की टेकडीचा आवाजच बदलतो. पावसाळाभर शिंपी, बुलबुल आणि मोर यांचं राज्य असतं. मग एखाद्या सकाळी गिरिपुष्पाच्या शेंड्यातून "चिस्-विट" असा बारीक, दुहेरी आवाज येतो आणि कळतं, हिरवट पर्णवटवट्या आले. जेमतेम आठ ग्रॅमचा जीव, हिमालय आणि मध्य आशियाकडून आलेला. दरवर्षी तो आवाज पहिल्यांदा कानावर पडला की मी जागच्या जागी थांबते.

गेली चार वर्षं ऑक्टोबरमध्ये दर रविवारी मी एकाच वाटेने जाते. सहा वीसला चढायला सुरुवात, खाणीपर्यंत जायचं आणि परत. आजची नोंद अशी: कृष्ण थिरथिरा १ (यंदाचा पहिला!), लाल छातीचे माशीमार २, सायबेरियन गप्पीदास ३, हळद्या २, तारेवर भिंगऱ्या अंदाजे ६०. इथपर्यंत ठीक. पण हिरवट वटवट्या डोळ्यांनी दिसले ४ आणि नुसते ऐकू आले ते साधारण १९. ब्लिथचा बोरू वटवट्या दिसला एकच, ऐकू आले ६.

आता यादीत काय लिहू? ४ की २३? आजवर मी अशा वेळी आकड्याच्या जागी फुली मारून मोकळी होत होते. भाचा म्हणतो, "मावशी, अंदाजपंचे आकडा टाकण्यापेक्षा न टाकलेला बरा." मला ते पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही.

म्हणून दोन प्रश्न. ऐकू आलेला पक्षी कसा मोजायचा? आणि असल्या मोजणीचा खरंच कुणाला उपयोग होतो का?

---

माळरान_सुपे | रविवार, ११:२०

मोजायचा. शंकाच नको. झाडीतला वटवट्या नुसता डोळ्यांनी मोजायचा म्हटलं तर दहातले आठ नोंदीबाहेर राहतील.

---

नांदूरकर | रविवार, ११:५२

ताई, मीही पूर्वी फुलीच मारायचो. आमच्या एका ज्येष्ठ मित्रांनी सवय मोडली. त्यांनी शिकवलं ते सांगतो.

हिरवट वटवट्या आणि ब्लिथ हे दोघेही हिवाळ्यात इथे आपापला इलाका धरून राहतात. एक झाड किंवा एक जाळी एकाची. ऑक्टोबरमध्ये ते सकाळी इतके बोलतात, कारण इलाक्यांची वाटणी नुकतीच चाललेली असते. आपल्या दृष्टीने हे सोयीचं आहे. एका जागी पाच मिनिटं स्तब्ध उभं राहायचं. दोन दिशांनी एकाच वेळी आवाज आले तर ते नक्की दोन. एक थांबल्यावर दुसरीकडून आला आणि दोन्ही जागा जवळ असतील, तर एकच धरायचा. पुढे शंभरेक पावलं गेल्यावर नवा आवाज आला तर तो नवा.

दुसरी गोष्ट, फक्त जातानाचे मोजायचे. परतीच्या वाटेवर तेच पक्षी पुन्हा भेटतात. त्यांचं दर्शन घ्यायचं, आकडा वाढवायचा नाही. येताना नवी जात भेटली तर तेवढी लिहायची.

तुमचा २३ हा आकडा येताना-जाताना मिळून आहे का? तसं असेल तर तो थोडा फुगलेला असणार.

---

टेकडीवाली | रविवार, १२:१५

@नांदूरकर, होय हो, मिळूनच आहे! हे कधी लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे चार वर्षांच्या माझ्या वहीत बरेच वटवट्या दोनदा हजेरी लावून गेलेत.

---

पुस्तकातलाकिडा | रविवार, १२:३०

भाबडा प्रश्न. वटवट्या सगळे सारखेच मातकट-हिरवट दिसतात. नुसत्या आवाजावरून एवढं खात्रीने कसं सांगता?

---

माळरान_सुपे | रविवार, १२:४४

@पुस्तकातलाकिडा, भाबडा कसला, सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. दिसण्यापेक्षा आवाजाने ते सोपे जातात. हिरवट वटवट्या झाडाच्या वरच्या भागात असतो आणि "चिस्-विट" म्हणतो. ब्लिथ खाली झुडपात असतो आणि "चक्... चक्" करतो, दोन गोट्या एकमेकींवर आपटाव्यात तसा. शुभ्रकंठी वटवट्याही साधारण तसंच "टक्" म्हणतो, पण तो आमच्या बाभळी-बोरीच्या कोरड्या माळावर जास्त. लाल छातीचा माशीमार "टर्रर्र" अशी बारीक खुळखुळ्यासारखी लकेर काढतो. एक हिवाळा रोज दहा मिनिटं ऐका, मग कांदेपोह्यांच्या वासासारखे हे आवाज ओळखू येतात.

---

सायलेंट_वाचक | रविवार, १३:१०

पक्ष्यांचे आवाज ओळखणारं मर्लिन ॲप लावून फोन खिशात ठेवला तर? तो आपोआप नावं दाखवतो की.

---

नांदूरकर | रविवार, १३:३५

@सायलेंट_वाचक, शिकण्यासाठी फार छान साधन आहे, मीही वापरतो. पण तो नाव सांगतो, संख्या नाही. एक वटवट्या दहा वेळा बोलला काय आणि दहा वटवट्या एकेकदा बोलले काय, पडद्यावर तेच नाव उजळतं. शिवाय भृंगराज कोतवालासारखा नकलाकार जवळपास असेल तर न आलेले पक्षीही आल्याचं दाखवेल. ॲपने नाव सुचवायचं, खात्री आपल्या कानाने करायची.

---

मुक्तछंद | रविवार, १४:०२

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका.

मी वीस वर्षं पक्षी बघतोय, एकही मोजला नाही. पहाटेच्या उन्हात हळद्या झाडातून निघाला तर त्याच्याकडे बघायचं की वहीत काडी मारायची? माझ्या ओळखीचे काही जण हल्ली सकाळभर फोनमध्ये डोकं घालून आकडे भरत असतात. समोर स्वर्गीय नर्तक शेपटी झुलवत बसलेला, आणि ह्यांचं चाललंय, "एक की दोन?" मला वाटतं मोजायला लागलं की बघणं कमी होतं.

---

टेकडीवाली | रविवार, १४:२०

@मुक्तछंद, राग कसला. पण माझा अनुभव नेमका उलटा आहे. मोजायला लागल्यापासून मी थांबायला शिकले. आधी मी टेकडीवर चालायला जायची आणि पक्षी वाटेत भेटायचे. आता पाच-पाच मिनिटं एका बाभळीखाली उभी असते. गप्पीदास प्रत्येक वेळी त्याच काटकीवर येऊन बसतो, हे मला मोजणीमुळेच कळलं.

---

बार्शीचा_पाटील | रविवार, १५:४०

धागा वाचून राहवलं नाही. तुमचे वटवट्या आठ ग्रॅमचे, आमच्या भोरड्या ढगाएवढ्या.

भोरडी म्हणजे पळसमैना, कुणी गुलाबी मैना म्हणतं. ऑगस्ट-सप्टेंबरातच यायला लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पळस फुलला की त्यावर झोंबून मध प्यायला मागे राहतात, मग जातात थेट कझाकस्तानकडं. मी लहान असताना ज्वारी हुरड्यात आली की शाळेला दांडी आणि माळ्यावर गोफण घेऊन उभं राहायचं. आजोबा म्हणायचे, "थवा मोजत बसू नको, धोंडा मार." मी धोंडा मारायचो, पण मोजायचोही. कसा? थव्याच्या एका कोपऱ्यात शंभर किती जागा घेतात ते डोळ्यांत भरायचं आणि तसले किती कोपरे आहेत ते बघायचं. कुणी शिकवलं नव्हतं. बाजारात ज्वारीची रास बघून पोती सांगतात ना, तीच विद्या.

त्याच भोरड्या टोळ नि नाकतोडे मटकावतात हे पुढं कॉलेजात वाचलं. तेव्हा गोफणीचं थोडं वाईट वाटलं. आता आमच्या शिवारात निम्म्यावर ऊस आलाय. ज्वारी उरली तेवढीच, भोरड्या पण कमी दिसतात. कमी झाल्या की ज्वारीमागं दुसऱ्या शिवारात गेल्या, हे सांगता येत नाही. तेव्हा कुणी आकडा लिहून ठेवला असता तर आज सांगता आलं असतं.

---

माळरान_सुपे | रविवार, १५:५५

पाटील, शेवटचं वाक्य भाच्याला वाचून दाखवा म्हणावं.

---

गंमतजंमत | रविवार, १६:१०

थव्यांचं निघालं म्हणून तारेवरच्या भिंगऱ्यांची माझी पद्धत. लग्नाच्या पंगतीसारखी. दोन खांबांमधली तार म्हणजे एक पंगत. एका पंगतीत किती पानं बसलीत ते नीट मोजायचं, मग पंगती मोजायच्या. फक्त एक सांभाळायचं, मधलीच पंगत मोजायची नाही. एक भरलेली, एक विरळ आणि एक मधली अशा तिघींची सरासरी घ्यायची. आणि मोजताना कुणी उठून गेलं तर वाढप्याने रागवायचं नाही :)

---

टेकडीवाली | रविवार, १६:१८

पंगत आवडली! पुढच्या रविवारी भिंगऱ्यांची पंगतच मांडते.

---

पुस्तकातलाकिडा | रविवार, १६:३०

आणखी एक भाबडा प्रश्न. भिंगरी कुठे गाते? भोरडी तर नुसता कलकलाट करते. तरी इंग्रजीत त्या 'साँगबर्ड'मध्ये कशा?

---

प्राणीशास्त्र_सेवानिवृत्त | रविवार, १७:२५

छान विचारलंत. चाळीस वर्षं वर्गात हा प्रश्न आला की माझी कळी खुलायची.

'गायक पक्षी' हा गट गोड गळ्यावरून ठरत नाही, गळ्याच्या रचनेवरून ठरतो. पक्ष्यांचा आवाज येतो तो श्वासनलिका जिथे दुभंगते तिथल्या शब्दिनी नावाच्या अवयवातून. गायक पक्ष्यांत त्याभोवतीचे स्नायू गुंतागुंतीचे असतात आणि पिल्लं मोठ्यांचं ऐकून गाणं शिकतात. या हिशेबाने भिंगरी, भोरडी, चिमणी, वटवट्या, धोबी, माशीमार सगळे गायक. आणि कावळाही गायक!

उलट ज्या कोकिळेवर आपण एवढ्या कविता लिहिल्या ती या गटात बसतच नाही. आणि वसंतात 'कुहू' करतो तो नर. गाण्याचं श्रेय आपण मादीला देऊन बसलो आहोत.

सगळ्यांचा लाडका नवरंग चिमणीकुळाच्या मोठ्या गणात आहे, पण गायकांच्या शाखेत नाही.

---

गंमतजंमत | रविवार, १७:३२

कावळा गायक आणि कोकीळ नाही! आमच्या गॅलरीतल्या कावळ्याला ही बातमी लगेच देतो, तो सकाळपासून रियाजच करतोय.

---

कोथरूडची_गौरी | रविवार, १७:५८

नवरंगाचं नाव निघालं म्हणून सांगते. परवा पहाटे आमच्या तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत नवरंग बसलेला सापडला! हिरवी पाठ, पोटाखाली कुंकवासारखा लाल डाग. उडत नव्हता, डोळे अर्धे मिटलेले. मुलीने वाटीत पाणी ठेवलं, पण त्याने तोंडही लावलं नाही. आम्ही घाबरलो. संध्याकाळी अंधार पडल्यावर आपला आपण गेला. आमचं काही चुकलं का?

---

प्राणीशास्त्र_सेवानिवृत्त | रविवार, १८:२०

@कोथरूडची_गौरी, त्याला त्रास दिला नाहीत, इथेच निम्मं काम झालं. नवरंग पावसाळ्यात आपल्याकडच्या जंगलांत वीण करतो आणि या दिवसांत दक्षिणेकडे निघतो. रात्री उडतो. शहरातल्या दिव्यांनी भांबावतो, काचेवर आपटतो, नाहीतर दमून कुठेतरी उतरतो.

पुन्हा सापडला तर पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून, तळाशी फडकं घालून त्यात ठेवा. अंधार आणि शांतता हेच औषध. चोचीत पाणी घालू नका, श्वासनलिकेत जातं. हाताळू नका, फोटोसाठी तर मुळीच नको. जखम दिसली किंवा दोन-तीन तासांत हुशारी आली नाही तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक फिरवा. एरवी संध्याकाळी झाडीजवळ खोकं उघडायचं.

---

जर्सीची_वैदेही | रविवार, २१:४०

इथे आत्ता दुपार झालीय, आणि धागा वाचून थेट माझ्याच विषयावर बोलणं चाललंय असं वाटलं.

न्यू जर्सीच्या दक्षिण टोकाला केप मे आहे. तिथे हिग्बी बीचजवळच्या एका बांधावर दर शरदात पहाटे पक्षी मोजतात. मी वर्षातून दोन-तीन वेळा अडीच तास गाडी चालवून जाते. मोजणारा माणूस एकच असतो, बाकी आम्ही गप्प उभे. त्याच्या हातात क्लिकर. पहिल्यांदा गेले तेव्हा मला नुसते ठिपके दिसत होते आणि तो प्रत्येक ठिपक्याचं नाव घेत होता. पंखांची लय, शेपटीची लांबी आणि उडतानाचा एक बारीक "त्सिप्", एवढ्यावर. ठिपका सेकंद-दोन सेकंदांत डोक्यावरून जातो.

मला कोड्यात टाकणारी गोष्ट वेगळीच होती. शरदात पक्षी दक्षिणेला जायला हवेत ना? इथे पहाटे सगळे उत्तरेकडे उडतात! कारण असं: थंड हवेची लाट आली की रात्री वायव्येचा वारा वाहतो. छोटे पक्षी रात्री निघतात. तेव्हा हवा गार आणि स्थिर असते, शिकारी पक्षी कमी असतात, आणि दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो. वारा त्यांना किनाऱ्याकडे लोटतो. उजाडताना बघतात तर खाली पाणी, समोर डेलावेअरचा उपसागर. मग वळून पुन्हा जमिनीकडे, झाडी शोधत. तेच बांधावरून दिसतं. वारा दक्षिणेचा असेल तर त्याच बांधावर सकाळभर दहा पक्षीही दिसत नाहीत. म्हणून इथे मोजणाऱ्याच्या वहीत पक्ष्यांआधी वारा लिहिलेला असतो. ताई, तुम्हीही वारा आणि ढग लिहून ठेवत जा.

आणि गौरीताई, दिव्यांबद्दल. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबरच्या स्मरणार्थ रात्री आकाशात दोन प्रकाशझोत सोडतात. त्यात हजारो पक्षी अडकून घिरट्या घालत राहतात. स्वयंसेवक खाली उभे राहून मोजतात, आणि संख्या हजारावर गेली की झोत साधारण वीस मिनिटं बंद करतात. पक्षी लगेच पांगतात. म्हणजे तिथे मोजणीवर दिवा विझतो. मोजणीचा उपयोग काय, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात थेट उत्तर हे.

---

लुंडकर | रविवार, २२:१५

वैदेहीताई, आमच्या स्वीडनमध्ये फाल्स्टर्बोला अशीच मोजणी आहे. दक्षिण टोकाच्या भूशिरावर १९७३ पासून दर शरदात एकाच पद्धतीने चालू आहे. सगळ्यात जास्त जातात चॅफिंच आणि ब्रॅम्बलिंग हे चिमणीएवढे पक्षी, भर दिवसा, लाटेमागून लाट. मोठ्या थव्यात दोघांना वेगळं करता येत नाही, मग प्रामाणिकपणे दोघांचा मिळून एकच आकडा लिहितात. मला हे फार आवडलं. जे ओळखू आलं नाही ते ओळखू आलं नाही असं लिहायचं.

---

आकडेमोड | सोमवार, ०८:१५

सगळे भावनेने बोलताहेत, मी जरा हिशेब विचारतो. नांदूरकर पाच मिनिटं उभे राहणार, माळरान चालत राहणार, एखादा नवखा शिंप्यालाही वटवट्या म्हणणार. वेगवेगळ्या हजारो माणसांचे असे आकडे एकत्र करून शास्त्र कसं तयार होतं? ताईंच्या भाच्याचं मला पूर्ण चुकीचं वाटत नाही.

---

नांदूरकर | सोमवार, ०९:३०

@आकडेमोड, रास्त शंका. आणि उत्तर कदाचित तुम्हाला आवडेल.

'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल घ्या. सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर तो उभा आहे. ९४२ जातींचा विचार केला. त्यांतल्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल सांगता आला, आणि त्यांपैकी ६० टक्के जाती घटताहेत. पण हा कल काढताना त्यांनी आपले आकडे बेरीज करून वापरलेले नाहीत. पूर्ण याद्यांपैकी किती टक्के याद्यांत ती जात आहे, हे पाहिलं आहे. तुमच्यासारख्यांच्या शंकेचा विचार करूनच.

म्हणून सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे पूर्ण यादी. जे ओळखलं ते सगळं लिहायचं, कावळा-साळुंकीसकट. वेळ किती, अंतर किती तेही लिहायचं. 'आज काही विशेष नाही' म्हणून यादी न टाकणं हा खरा तोटा. न दिसणं हीसुद्धा नोंद आहे.

---

आकडेमोड | सोमवार, ०९:४८

हे पटलं. पण मग ताईंच्या मूळ प्रश्नाचं उत्तर "४ लिहा नाहीतर २३, काही फरक पडत नाही" असंच झालं ना?

---

प्राणीशास्त्र_सेवानिवृत्त | सोमवार, १०:४०

नाही. देशाच्या अहवालाला जे चालतं ते टेकडीला पुरत नाही. एक टेकडी, एक वाट, एक वेळ, एकच कान. यात चूक असली तरी ती दरवर्षी साधारण सारखीच राहते. ताई दहातले दोन वटवट्या चुकवत असतील तर यंदाही दोन चुकवतील, पुढच्या वर्षीही. यादीत नुसतं 'आहे' लिहिलं तर वटवट्या तेवीसवरून तीनवर आला तरी वहीत 'आहे'च राहील. तो उतार फक्त आकड्यात दिसतो.

याच दख्खनच्या पक्ष्यांची एक जुनी यादी कर्नल साइक्स यांनी १८३२ मध्ये प्रसिद्ध केली. गंमत म्हणजे ते मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी होते. आज आपण सांगू शकतो की अमुक पक्षी तेव्हा इथे होता. किती होता, हे विचारायला आता कुणी नाही.

---

मुक्तछंद | सोमवार, ११:०५

सर, शेवटचं वाक्य लागलं. वीस वर्षं मी बघितलेलं सगळं माझ्या डोक्यात आहे आणि माझ्याबरोबरच जाणार. या रविवारी वही घेऊन जातो. हळद्या आला तर मात्र आधी बघणार, मग काडी.

---

कुळागर_फोंडा | सोमवार, १३:२०

गोंयांतल्यान नमस्कार! आमच्याकडे गिरिपुष्पाची टेकडी नाही, पोफळीचं कुळागर आहे. ऑक्टोबरात रान धोबी येतो. बाकीचे धोबी शेपूट वर-खाली हलवतात, हा एकटाच डावीकडून उजवीकडे हलवतो, आणि त्याच्याबरोबर सगळं मागचं अंगच डोलतं. आई म्हणते, "नाचपी आयलो." मोजणी सोपी आहे, कारण एका कुळागरात एक नाहीतर दोन. पण गेल्या वर्षी एकही आला नाही. आम्ही तिघं भावंडं रोज पाटाकडेने बघायचो. तुमच्या धाग्यावरून कळलं की ते शून्यही लिहायला हवं होतं.

---

नांदूरकर | सोमवार, १३:३१

@कुळागर_फोंडा, अजूनही लिहा. किती दिवस, किती वेळ बघितलंत ते आठवतंय तोवर वहीत घ्या. आणि यंदा?

---

कुळागर_फोंडा | सोमवार, १३:४५

अजून वाट बघतोय.

---

टेकडीवाली | पुढचा रविवार, १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. आजचा वृत्तांत देते.

भाचा सोबत आला होता! त्याला धागा वाचायला दिला, काही बोलला नाही, पण पहाटे पावणेसहाला दारात हजर. सहा वीसला सुरुवात. आकाश निरभ्र, पूर्वेकडून मंद वारा (वैदेहीताईंच्या सांगण्याप्रमाणे पहिली ओळ हीच). सात थांबे ठरवले, प्रत्येकी पाच मिनिटं, फक्त जातानाचे मोजले. मी कानाने, तो डोळ्याने, आणि मधे एकमेकांना सांगायचं नाही असं ठरवलं.

हिरवट वटवट्या: माझे १४, त्याचे ५. थांब्यागणिक पडताळून बघितलं तेव्हा त्याचे पाचही माझ्या चौदांत होते. यादीत १४ लिहिले आणि शेरा दिला, 'पैकी ९ केवळ आवाजावरून'. ब्लिथ ५. थिरथिरे आता ३. लाल छातीचे माशीमार ४. वृक्ष तीरचिमण्यांचा सहाचा थवा, तो मागच्या रविवारी नव्हता. भिंगऱ्यांच्या चार पंगती: ३१, १२, २२ आणि चौथी मोजायच्या आत शिक्रा आला, सगळी पंगत उठली.

खाणीजवळ एक तपकिरी माशीमार की आणखी कुणी, ते दोघांनाही ठरवता आलं नाही. लुंडकरांचं आठवलं. 'माशीमार, जात ओळखली नाही: १' असं लिहिलं.

मागच्या चार वर्षांच्या वहीत जिथे येण्या-जाण्याचं मिळून लिहिलंय तिथे पेन्सिलीने तशी टीप टाकतेय. आकडे खोडत नाही.

---

आकडेमोड | पुढचा रविवार, १०:५५

ताई, दोघांनी स्वतंत्र मोजून मग पडताळलंत हे फार महत्त्वाचं केलंत. दर रविवारी तसंच करा. पाच-सहा वेळा झालं की दोघांच्या आकड्यांत साधारण किती फरक पडतो ते कळेल. वहीचा फोटो पाठवलात तर मी तक्ता करून देतो.

---

टेकडीवाली | पुढचा रविवार, ११:०२

आज संध्याकाळी पाठवते. भाच्याचं अक्षर लागलं नाही तर विचारा, त्याने थिरथिऱ्याला तीन वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिलंय.

---

बार्शीचा_पाटील | पुढचा रविवार, १९:१५

आज वडिलांना घेऊन ओढ्याकाठच्या बाभळींवर सांजेला गेलो होतो. भोरड्या रातच्या मुक्कामाला येतात तिथं. वय ७८, नजर अधू झालीय, पण थवा वळला की पंखांच्या आवाजावरून म्हणाले, "हे चारशेच्या आतलं." मी कोपरे धरून मोजले, ३६० आले. वहीत दोन्ही आकडे लिहिले, त्यांचा वेगळा, माझा वेगळा.

---

कुळागर_फोंडा | सोमवार, ०७:५०

आयलो! पाटाच्या कडेला, एक. सात वाजून दहा मिनिटांनी.